दारातल्या चपलांची रांग

ये गो, अशी जवळ सरक. एवढी लांब नको, मला मान ताणून बोलायला लावू नकोस. आणि तो मोबाईल उपडा ठेव आधी, तुझं अर्धं लक्ष त्याच्यातच असतं. परवा फोनवर काय म्हणालीस मला? "आत्या, आमच्याकडचे कामगार अगदी अडाणी आहेत गं. शूज देतो, घालत नाहीत. काय होतं विचारलं तर तोंड उघडत नाहीत. एक दिवस आपल्याच मूर्खपणाने पडतील." माझ्या भावाची लेक सेफ्टीचा कोर्स करून नवी मुंबईच्या बाजूला कारखान्यात लागली म्हणून मी अख्ख्या वाडीत पेढे वाटले, आणि ती पहिल्या पगाराच्या आत असं बोलायला लागली. तेव्हा मी गप्प बसले. फोनवर रागावलेलं वाया जातं. म्हणून लिहिते आहे. तू समोर बसली आहेस असं धरून लिहिते, तूही जवळ बसल्यासारखी वाच.

तुझ्या त्या अडाणी लोकांत मी होते, समजलं? महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्याच्या कॅन्टीनला मी बरीच वर्षं होते. तुझे आतोबा मुंबईला गोडाऊनवर, वर कुडपणच्या अंगाला आमची वाडी, चार म्हशी आणि नाचणीची शेतं. म्हशी सासूबाईंकडे सोपवून मी महाडात भाड्याच्या खोलीत उतरले आणि माझ्यामागून माझी धाकटी जाऊ उतरली. आम्ही दोघी एकाच कॅन्टीनला लागलो. कारखान्याची नव्हे, कंत्राटदाराची माणसं आम्ही. हा फरक तू नीट ध्यानात ठेव, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कारखान्याचा माणूस आजारी पडला तर तो रजेवर जातो. कंत्राटदाराचा माणूस आजारी पडला की तो दिसेनासा होतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात चपलांची रांग असायची. देवळाच्या पायरीवर असते तशीच. कुणी सांगितलेलं नव्हतं. जिथे अन्न शिजतं तिथे पायातलं काढून जायचं, हे आम्ही चुलीपुढे रांगत होतो तेव्हापासूनचं. ती चूल मातीची होती आणि इथे गॅसच्या भट्ट्या होत्या, शेजारी केमिकलच्या टाक्या होत्या, म्हणून काय झालं? शिफ्टचा माणूस बसमधून उतरून जेवायला येणार, त्याच्या ताटात आपण रस्त्यावरची घाण शिजवून घालायची का? आचारी तर पुरुषमाणूस, तोही अनवाणी.

आता भाताचं सांगते. मोठ्या टोपात भात शिजायचा, आणि शिजला की वेळायचा. म्हणजे दोघींनी दोन बाजूंनी फडक्यांनी टोप धरायचा, झाकण दाबायचं, आणि वाकवून आतली गरम पेज फरशीवर सोडायची. मोरी पलीकडच्या भिंतीला. पेज वाहत वाहत तिकडे जायची आणि आम्ही पाय उचलून उचलून तिला वाट द्यायचो. नवीन बाई आली की तिला पहिलं हेच शिकवायचो, पाय कधी उचलायचा ते. आमच्या लेखी हीच सेफ्टी.

मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमतात ना, त्या दिवसांत महाडच्या सगळ्या गाड्या भरून वाहतात. त्यातल्याच एका दिवशी आम्ही दोघी उशिरा पोचलो, घाई झाली, आणि जावेने पाय उचलायला एक क्षण उशीर केला. ओरडली नाही. दुसऱ्या हाताने माझा दंड एवढा करकचून धरला की मला वाटलं माझाच जीव जातो. टोप खाली ठेवला. ती कोठीच्या खोलीत गेली, टूथपेस्ट फासली, वर फडकं गुंडाळलं आणि पोळ्या लाटायला येऊन उभी राहिली. आचाऱ्याने विचारलं, काय गो, लंगडतेस का? म्हणाली, "ठेच लागली दादा."

का लपवलं, तेही सांगते. त्याच्या आदल्या वर्षी भांडी घासणारी एक बाई घसरून पडली, हाताचं हाड मोडलं. कंत्राटदार स्वतः तिच्या घरी गेला. संत्री, सफरचंदं, मोठी पिशवी. म्हणाला, ताई, काळजी करू नका, पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय येऊ नका. आम्ही म्हटलं, बघा, देवमाणूस. ती बरी होऊन आली तेव्हा तिचा ॲप्रन दुसऱ्याच बाईच्या अंगात होता. तेव्हापासून फळं घेऊन येणाऱ्या माणसाची आम्हाला धडकी भरायची.

आणि जावेच्या नोकरीला नुसता पगार नव्हता चिकटलेला. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, मुंबईत खडी फोडण्याच्या कामावर होता, तिथली धूळ छातीत भरून घरी आला. चार पावलं टाकली की धाप. त्याची औषधं, त्याची तपासणी, सगळं जावेच्या कामगार विम्याच्या कार्डावर. नोकरी गेली की कार्ड गेलं, कार्ड गेलं की त्याचा श्वास गेला. एवढं साधं गणित होतं. म्हणून ती भाजलेल्या पायावर उभी राहिली. आता तिला अडाणी म्हण बघू.

थोड्याच दिवसांत एक नवीन सेफ्टी मॅडम आल्या. तुझ्याच वयाची पोरगी, पुण्याकडची, पँट, शर्ट, पिवळं जाकीट. आणि बूट घालून सरळ आमच्या स्वयंपाकघरात. आचाऱ्याच्या हातातला झारा तसाच राहिला. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली फरशीकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न कुठला, तर इथे कुणाला कधी भाजलंय का?

आम्ही सगळ्या एका सुरात, "नाय हो मॅडम."

ती गेली आणि आमच्यात काळोख पसरला. आल्या आल्या हाच प्रश्न? म्हणजे कुणीतरी चुगली केली. कोण? पोलादपूरहून एक बाई यायची, भाजी चिरायला. अबोल. सुपरवायझरच्या बहिणीच्या शेजारी राहायची, एवढं आम्हाला पुरलं. मी जावेला म्हटलं, हीच. जाऊ म्हणाली, नाय गो आक्का, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, तेच तर, जिने सांगितलं असतं ती बघेलच कशाला? त्या दिवसापासून जेवायला बसताना आम्ही त्या बाईकडे पाठ करून बसू लागलो. ती बिचारी आपला डबा घेऊन खिडकीशी.

मॅडम रोज येऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती दारात थांबायची. चपलांच्या रांगेशी उभी राहून काहीतरी विचार करायची, मग आत यायची, कधी बूट काढून, कधी बाहेरूनच बोलून जायची. आम्हाला त्यातही काळंबेरं दिसलं. किती चपला आहेत ते मोजते, म्हणजे किती बायका कमी करता येतील त्याचा हिशेब लावते. पोळ्यांचं मशीन आणणार असं कुणीतरी गेटवर ऐकून आलंच होतं. ती एकदा खाली बसून आमच्याबरोबर तांदूळ निवडायला लागली. आम्ही चौघी उठून मसाला दळायला गेलो.

मग शूज वाटले. काळे, पुढे लोखंड असलेले, जड. आम्ही आनंदाने घेतले. एवढी चांगली वस्तू कामावर घालून खराब करणार कोण? एकीने ट्रंकेत ठेवले, लेकाच्या लग्नाला. माझे मी वाडीवर पाठवले, तिथे तुझ्या आतेभावाने शेणाच्या खड्ड्यात घालून दोन महिन्यांत त्यांचा निकाल लावला. कॅन्टीनला मात्र आम्ही त्याच चपला बाहेर काढून अनवाणी. सुपरवायझर म्हणाला, दंड करा यांना, मग घालतील. मॅडमने दंड केला नाही. त्याने आम्ही जास्त घाबरलो. दंड करणारा माणूस कळतो. हसून परत जाणाऱ्याचं काय करायचं?

त्यानंतर बातमी आली की डॉक्टर येणार, सगळ्या कंत्राटी कामगारांची तपासणी. डोळे, रक्त, हात, पाय. पाय म्हटल्यावर जाऊ पांढरी पडली. जखम वरून सुकली होती, पण कातडी लाल, ताणलेली, मध्येच पाणी धरणारी. बायकांची कुजबुज सुरू झाली. बैल विकत घेताना दात बघतात, तशी ही तपासणी. जो बरा नाही तो बाजूला काढायचा. रक्त कशाला पाहिजे यांना? आजार शोधायला. आणि शोधून? घरी पाठवायला.

तेव्हा मी एक शक्कल काढली. माझीच, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. म्हटलं, आपण सगळ्यांनी मोजे घालायचे. आतापासून रोज. मग तपासणीच्या दिवशी एकटीच्या पायात मोजा दिसणार नाही, आणि डॉक्टरने काढायला सांगितलं तर म्हणायचं, आम्ही बायका पाय दाखवत नाय. सगळ्यांना पटलं. महाडच्या बाजारातून शाळेतल्या पोरांचे पांढरे मोजे आणले, तेच स्वस्त होते. भर एप्रिलच्या उकाड्यात, नऊवारी नेसलेल्या, डोंगरातल्या आम्ही बाया, शाळेचे मोजे घालून भट्टीपुढे उभ्या. आचारी म्हणाला, प्रार्थना कधी सुरू करायची?

आणि पोलादपूरची ती बाई. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तीही मोजे घालून आली, आणि काही न बोलता भाजी चिरायला बसली. जाऊ म्हणाली, बघ, ती आपल्यातली आहे. मला तर आणखीनच संशय आला.

आता तू हुशार आहेस, तुझ्या लक्षात आलं असेल काय होणार ते. आमच्या नाही आलं. अनवाणी पायावर गरम पेज पडली तर माणूस उडी मारतो, पेज ओघळून जाते. मोज्यावर पडली की मोजा ती पिऊन धरून ठेवतो. तपासणीच्या आदल्या दिवशीच भात वेळताना माझ्या बाजूने टोप हिसकला आणि पेज माझ्या पायावर आली. मी पाय उचलला, तरी ती माझ्या पायाबरोबरच उचलली गेली. जाऊ धावली, खाली बसून माझा मोजा ओढायला लागली, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ओढू नका. आधी पाणी."

मॅडम होती. तिने मला नळाशी बसवलं, माझ्या पायावर पाणी सोडलं आणि धरून ठेवलं. मला वाटलं आता पुरे, ती म्हणे नाही, अजून. मग कात्रीने मोजा कापला, जेवढा चिकटला होता तेवढा तसाच ठेवला, दवाखान्यात तिकडे बघतील म्हणाली. ह्या सगळ्या गडबडीत जाऊ त्या सांडलेल्या पेजेत गुडघे टेकून बसली होती. तिचेही मोजे भिजले. आणि माझं बघून ती इतकी घाबरली की तिने आपले दोन्ही मोजे भराभर उतरवून फेकले. लाल पाय सगळ्यांच्या समोर उघडा.

मॅडमने तो बघितला. चांगला बघितला. आणि परत माझ्या पायाकडे वळली. तिच्या त्या वळण्याने मला पायापेक्षा जास्त जाळलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आम्ही दोघी गेलोच नाही. संध्याकाळी आमच्या खोलीच्या दारात कोण, तर मॅडम. आणि हातात पिशवी. पिशवीत संत्री.

मी खाटेवर, पायाला बँडेज. जाऊ चुलीपाशी. धाकटा दीर उशीला टेकून बसलेला, गावाहून दवाखान्यात छाती दाखवायला आला होता, त्याच्या छातीतला आवाज खोलीभर. मॅडमने पिशवी मध्ये ठेवली. कुणी तिच्याकडे हात नेला नाही. ती म्हणाली, मावशी, घ्या ना. जाऊ उठून तिच्यासमोर उभी राहिली. माझी जाऊ मोठ्या आवाजात बोलणारी बाई नाही, त्या दिवशीही आवाज चढला नाही.

"मॅडम, उद्यापासून येऊ नको असं सांगायचं असेल तर सांगा. फळं कशाला आणलीत?"

पोरगी गोंधळली. तिला खरंच कळेना. मग मी तिला हात मोडलेल्या बाईची गोष्ट सांगितली, सफरचंदांसकट. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग तिने जावेच्या पायाकडे बघून विचारायला तोंड उघडलं, आणि मी मध्येच बोलले. कसं सुचलं देव जाणे.

"कुणाचा पाय ते नका विचारू. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकच माणूस बोलतो, सगळ्या वाडीसाठी. कुणाला काय दुखतं ते नाव घेऊन नाय सांगत. तसं मी सांगते. आमच्या स्वयंपाकघराचा पाय भाजलाय मॅडम. एकदा नाय, लय वेळा."

आणि मग सांगितलं सगळं. टोप दोघींना पेलत नाही. मोरी लांब. शिफ्टची बस आली की सुपरवायझर दारात उभा राहून घड्याळ दाखवतो, तेव्हा भात वेळण्याची घाई होते, आणि भाजतं ते नेहमी त्याच वेळी. कुणाकुणाला भाजलं ते एकाही नावाने सांगितलं नाही. तिने काही लिहून घेतलं नाही, ते मी मुद्दाम बघत होते. नुसती ऐकत होती.

शेवटी मी तिला विचारलं, की आल्या दिवशीच भाजण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुणीच नाही. पहिल्या दिवशी तिने जो प्रश्न आम्हाला विचारला तो ती प्रत्येक खात्यात विचारत होती. खरं कळलं ते नंतर, दारात. बूट काढावेत की नाही या पेचात ती रोज चपलांच्या रांगेशी थांबायची. त्यात एक जोड होता. एका चपलेचा पट्टा कापून कापडी नाडीने सैल बांधलेला, दुसरी धड. सुजलेल्या पायाची चप्पल. तिला फक्त ती कुणाची ते माहीत नव्हतं, आणि विचारलं तर ती चप्पल दुसऱ्या दिवशी तिथे दिसणार नाही एवढं तिला कळत होतं.

मला पटलं नाही. मनात म्हटलं, गोष्ट छान रचलीस. पण जावेच्या चपला माझ्या चपलांना लागूनच असायच्या, आणि ती नाडी मी एकदाही बघितली नव्हती.

जाऊ मात्र अजून तिथेच उभी होती. तिचा प्रश्न तसाच होता. मॅडमने तिला सरळ उत्तर दिलं, आणि ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. "आज मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. मी इथे नवीन आहे. दुखापत सांगितली म्हणून कुणाला घरी बसवायचं नाही, हे मी मॅनेजर साहेबांकडून आणि कंत्राटदाराकडून ठरवून घेते. ठरलं की ते तुमच्या समोर बोलतील. तोवर माझ्यावर विश्वास ठेवू नका."

मग ती उठली, आणि ती संत्र्यांची पिशवीही उचलली. म्हणाली, ही परत नेते. दीर मागून हसला, मग खोकला, मग परत हसला. किती दिवसांनी हसला होता.

बऱ्याच दिवसांनी ती परत खोलीवर आली ती रिकाम्या हाताने. तिचे ते मोकळे हात बघून मला पहिल्यांदा वाटलं, हिच्याशी बोलायला हरकत नाही. विश्वास नव्हे हं. बोलायला हरकत नाही एवढंच.

ती मला कामावर बोलवायला आली होती, लंगडत का होईना. स्वयंपाकघरात मॅनेजर साहेब आणि कंत्राटदार दोघेही हजर. आणि मॅडमने कंत्राटदारालाच बोलायला लावलं. भाजलं, कापलं, पडलात तर सांगायचं, सांगितलं म्हणून कुणाला काढणार नाही, बरे होईपर्यंत बसून करायचं काम देऊ. कारल्याचा रस पिताना माणूस बोलेल तसा बोलला, पण बोलला. आणि सुपरवायझरचं दारात उभं राहून घड्याळ दाखवणं बंद झालं. बस आली तर आली, भात वेळून झाल्यावरच घंटा.

जाऊ स्टुलावर बसून तांदूळ निवडू लागली. आम्ही वाट बघू लागलो. महिना संपेल, कधी नाव कापतात ते बघू. महिना संपला. कार्डावर दिराची औषधं मिळाली. जाऊ पिशवी घेऊन खोलीत आली आणि बराच वेळ ती न उघडता मांडीवर घेऊन बसली. तरी मी म्हटलं, ते पाय बरा व्हायची वाट बघत असतील, गवगवा नको म्हणून. पुढचा महिनाही संपला. मग मी म्हटलं, पावसाळ्यानंतर काढतील. माझं हे असंच चालू होतं, आणि जाऊ स्टुलावरून उठून परत पोळपाटाशी उभी राहिली.

मॅडम आता येऊन विचारायची ते पायांचं नाही, पेजेचं. ती येते कुठून, जाते कुठे. तिने टोपाला खाली जाळीचा नळ बसवून घेतला, पाइपने पेज सरळ मोरीत. पहिल्यांदा तो नळ इतका उंच बसवला की पेज थेट नडगीवर. तेव्हा आम्ही तिला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पण तिने ऐकून घेतलं, मिस्त्रीला आमच्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, ह्या सांगतील तिथे बसव. पोलादपूरची अबोल बाई पुढे झाली आणि नळाची जागा खडूने दाखवली. मी तिला विचारलं, इतके दिवस मोजे घालून काय करत होतीस? म्हणाली, "तुमच्या जावेचा पाय मला पहिल्याच दिवशी दिसला होता. मी गप्प राहिले. तुम्ही पाठ फिरवलीत, मला वाटलं, मी गप्प राहिले याचाच तुम्हाला राग हाय."  दुसऱ्या दिवशी तिचा डबा माझ्या शेजारी आला. अगदी निर्धास्त झाले असं नाही, सुपरवायझरच्या बहिणीची शेजारीण ती शेवटी. पण तिची मेथीची भाजी मला आवडायची.

राहिला प्रश्न पायातल्याचा. मॅडमने पांढरे गमबूट मागवले, आणि आमच्यात सगळ्यात जुनी स्वयंपाकीण अडून बसली. जोडा घालून मी अन्नाला हात लावणार नाय, मग काढा मला कामावरून. मॅडम म्हणाली, कुणी काढणार नाही, पण भाजू नये म्हणून काय करायचं ते तुम्ही सांगा. आम्ही बसलो, बोललो, भांडलो. शेवटी ठरलं ते असं. ज्याने रस्ता बघितला नाही, ज्याला बाहेरची माती लागली नाही, ती चप्पल नव्हे. ते आतलंच भांडं. बूट बंद खोक्यातून थेट स्वयंपाकघरात येणार, इथेच राहणार, उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाहीत.

दसऱ्याला सगळी हत्यारं मांडली. सुऱ्या, झारे, विळ्या, मोठा टोप. सगळ्यात शेवटी, जरा अंतर ठेवून, ते बूट. हळद-कुंकू लावत लावत मी विळीपर्यंत आले आणि थांबले. पुढे हात जाईना. माझ्यामागून पोलादपूरकरीण पुढे झाली आणि एका एका बुटाच्या टोकाला चिमूटभर हळद लावून मागे सरकली. आम्ही सगळ्या आढ्याकडे बघतोय, काही कोसळतंय का. नाही कोसळलं. जुनी स्वयंपाकीण म्हणाली, आता घाला, देवाला दाखवून झालंय. तेव्हापासून मॅडमचाही एक जोड आत असायचा, आणि दारात चपलांच्या रांगेत तिचे बूट.

आता माझे गुडघे गेले, मी वर वाडीला आले. दीर आहे, धाप आहे, पण आहे. जाऊ अजून कॅन्टीनला. ती मॅडम दुसरीकडे गेली, नवीन साहेब आला. जाऊ फोनवर सांगत होती, पहिल्या दिवशी तो बूट घालून आत शिरत होता, तेव्हा पोलादपूरकरणीने त्याला उंबऱ्यावर अडवला आणि आतला जोड पुढे केला. घातला म्हणे. कंत्राट बदलायचं चाललंय असंही ऐकते. नवा कंत्राटदार जुन्याचा शब्द पाळेल की नाही, कोण सांगणार. जावेचा फोन अवेळी वाजला की अजून पहिलं मी दिराच्या औषधांचं विचारते.

म्हणून म्हणते, आता एकदा ये गो. उन्हाळ्यात ये, वरचा रस्ता तेव्हा बरा असतो. जाऊ सुट्टीला येते त्याच दिवशी ये, दोघी आंबोळ्या करू. तिला पायाचं काही विचारू नकोस. नुसती तिच्याजवळ बस, तांदूळ निवड, ती आपणहून दाखवील, आणि ते तुझ्या कारखान्यात तुझ्या कामी येईल. लवकर ये. आणि येताना फळं आणू नकोस.